चोरट्या चित्रप्रतींची नावे : एका पुष्पिकाप्रकाराचा इतिहास

हस्तलिखित पोथीच्या अखेरीस लेखनिक जी नोंद करतो तिला पुष्पिका म्हणतात. ग्रंथाचे नाव, शक, संवत्सर, तिथी, लेखनाचे स्थळ, लिहिणाऱ्याचे नाव, कधी ज्याच्यासाठी लिहिले त्याचे नाव, आणि शेवटी जसे समोर पाहिले तसे उतरविले, शुद्धाशुद्धाचा दोष आपल्याकडे नसावा ही विनंती, असा या नोंदीचा साधारण साचा असतो. मराठी पाठचिकित्सेने पुष्पिकेला नेहमीच पुराव्याचा मान दिला आहे; कारण ग्रंथ आपल्या विषयाविषयी बोलतो, तर पुष्पिका प्रतीविषयी बोलते. चित्रपटांच्या चोरट्या प्रतींना संगणकावर जी लांबलचक नावे दिली जातात ती मात्र अभ्यासकांच्या नजरेस आली तरी वाचली गेलेली नाहीत. ‘सैराट’ हे शीर्षक, मग टिंब, २०१६ हे साल, टिंब, ‘मराठी’, टिंब, ‘डीव्हीडीरिप’, टिंब, ‘एक्स२६४’, टिंब, ‘एएसी’, आणि आडव्या रेघेनंतर एखाद्या गटाचे टोपणनाव, अशी या नावांची धाटणी असते. वरवर पाहता ही तांत्रिक बडबड वाटते. वस्तुतः तिच्यातील प्रत्येक पद ठरलेल्या जागी ठरलेले काम करते आणि ते काम पुष्पिकेचेच आहे. विधीने निषिद्ध ठरविलेल्या व्यवहारात पुष्पिकेचा हा प्रकार पुन्हा का जन्मला, आणि सातारा-सांगलीच्या बाजारपेठांत तो बहुतांशी का खुडला गेला, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

सातारा आणि सांगली हे जिल्हे निवडण्यास कारण आहे. प्रत करणे, ती दूरवर पोहोचविणे आणि तिच्यावर कोणाचे तरी नाव राखणे या तिन्ही गोष्टींचा कृष्णाकाठावरचा इतिहास दीर्घ आहे. सज्जनगड, चाफळ आणि मिरज येथील रामदासी मठ ही त्याची ठळक उदाहरणे. समर्थांचा शब्द मठामठांतून पोहोचला तो लेखनिकांच्या हातांनी. कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची डोमगाव प्रत आजही पाठनिश्चितीच्या चर्चेत प्रमाण मानली जाते, ती तिचा लेखनिक कोण हे ठाऊक असल्यामुळेच. पुढे शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठोमठी हिंडून ही बाडे जमविली व धुळ्यास समर्थ वाग्देवता मंदिरात ती सुरक्षित केली. त्या संग्रहाची उपयुक्तता बाडांच्या संख्येवर जितकी अवलंबून आहे तितकीच त्यांच्या पुष्पिकांवर.

लोकरंगभूमीकडे वळले तर चित्र बदलते. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे जन्मलेले पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या लावण्या त्यांच्या फडाबाहेर इतर फडांनीही गायिल्या. त्या वेळी कवीची अनुज्ञा ही कल्पना फारशी आड येत नव्हती. पण शेवटच्या चरणातील नाममुद्रा मात्र गाणाऱ्याला गावीच लागे, कारण ती वृत्तात आणि यमकात ओवलेली असे. म्हणजे रचना हातोहात जाई आणि कर्त्याचे नाव तिच्याबरोबर प्रवास करी. वाङ्मयचौर्य म्हणतात ते याच्या उलट असते : तेथे वस्तू तीच ठेवून नाव बदलले जाते. चित्रपटाच्या चोरट्या प्रतीत कृतीचे शीर्षक काटेकोरपणे जपले जाते, कर्त्याचे नाव अजिबात येत नाही, आणि शेवटच्या चरणाच्या जागी, मुद्रेच्या स्थानी, प्रत करणाऱ्याचे नाव येऊन बसते. पुष्पिका आणि मुद्रा या दोन वेगळ्या परंपरा येथे एका ओळीत मिसळल्या आहेत असे म्हणता येईल, आणि त्या मिसळण्यात कर्ता गळाला आहे.

या नावांना प्रारंभी अस्तित्वच नव्हते. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली आणि पाठोपाठ व्हिडिओ कॅसेटचे युग आले. व्हिडिओ पार्लर, भाड्याने कॅसेट देणाऱ्या लायब्ऱ्या आणि रात्रभर चालणारे ‘व्हिडिओ कोच’ हे या दशकाचे सार्वत्रिक दृश्य होते. कॅसेटचे नाव तिच्या पाठीवरच्या कागदी पट्टीवर बॉलपेनने लिहिलेले असे, आणि ते पुसून दुसरे लिहिता येई. तीन तासांच्या फितीत एक हिंदी चित्रपट बसे; उरलेल्या जागेत गाणी भरली जात. नाव वस्तूच्या अंगावर होते, वस्तूच्या आत नव्हते.

व्हीसीडीने हा दुरावा आणखी स्पष्ट केला. १९९३ मध्ये निश्चित झालेल्या या तबकडीच्या मानकानुसार चित्रपट कोणताही असो, त्याची धारिका ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या कप्प्यात ‘एव्हीएसईक्यू०१.डीएटी’ याच नावाने नांदत असे. वितरकाने कायदेशीरपणे काढलेली तबकडी आणि घरच्या संगणकावर जाळलेली तबकडी यांच्या पोटात नाव एकच. सव्वा तासाच्या आसपासची मर्यादा असल्याने चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत विभागला जाई आणि भाग पहिला, भाग दुसरा एवढेच मार्करने लिहिलेले असे. त्या काळातील ज्या तबकड्यांची वेष्टने हरवली त्या आज अनामिक आहेत. त्या लावून पाहिल्याखेरीज त्यांत काय आहे हे सांगता येत नाही, आणि लावून पाहिल्यावरही कोणत्या मुद्रिकेवरून त्या उतरल्या हे कळत नाही. पुष्पिका नसलेली पोथी आणि ही तबकडी यांची अवस्था सारखीच आहे.

लांब नाव शक्य झाले ते दोन घटनांमुळे. जुन्या संगणकप्रणालीत नावाला आठ अक्षरे व प्रत्ययाला तीन अक्षरे एवढीच मुभा होती. १९९५ च्या विंडोजने ही मर्यादा अडीचशेच्या वर नेली. दुसरी घटना म्हणजे चित्राचे आकुंचन करणारी नवी तंत्रे. १९९० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्समधील एका तरुणाने मायक्रोसॉफ्टचे तंत्र फोडून ‘डिव्हएक्स’ तयार केले. अमेरिकेतील एका फसलेल्या भाडे-तबकडीच्या नावाची ती टिंगल होती, आणि पुढे २००१ मध्ये निघालेल्या प्रतिस्पर्धी मुक्त तंत्राने तेच नाव उलट वाचून ‘एक्सव्हिड’ असे बारसे करून घेतले. त्यायोगे अख्खा चित्रपट ७०० मेगाबाइटांच्या एका साध्या सीडीत मावू लागला. भारतीय प्रतींच्या नावांत दीर्घकाळ आढळणारे ‘१सीडीरिप’ हे पद त्या आनंदाचे अवशेष आहे. सीडी वापरातून गेल्यावरही काही वर्षे ते नावांत टिकून राहिले, जसे छापील पुस्तकांत पोथीचे संकेत टिकून राहिले तसे.

नावाचे व्याकरण मात्र तंत्रज्ञांनी घडविले नाही, प्रतकारांच्या गटांनी घडविले. चोरट्या प्रती प्रथम बाहेर काढण्याची ज्यांच्यात चढाओढ असे त्या गटांनी २००० नंतर लेखी नियमावल्याच केल्या : कोणती पदे कोणत्या क्रमाने यावीत, कोणती अक्षरे चालतील, कोणत्या चुकीबद्दल प्रत बाद ठरवावी. शब्दांमधली जागा टाळून टिंब देण्याचा नियमही यातलाच. ज्या यंत्रांवरून या धारिका फिरत तेथे मोकळी जागा आज्ञेचा अर्थ बिघडवीत असे. बेकायदा व्यवहाराला इतकी कडक शिस्त का हवी, याचे उत्तर त्या व्यवहाराच्या स्वरूपातच आहे. जेथे तक्रार करण्यास न्यायालय नाही, पावती नाही, विक्रेत्याचा पत्ता नाही, तेथे नाव हीच एकमेव हमी असते.

आता पदांकडे. शीर्षकापाठोपाठ साल का लागते, हे याच परिसरातील उदाहरणाने उमगते. मिरजेच्या वेणाबाईंचे ‘सीतास्वयंवर’ हे काव्य आहे; सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी रंगभूमीवर आणलेले नाटकही ‘सीता स्वयंवर’च. दहाबारा किलोमीटरच्या अंतरात, दोन शतकांच्या फरकाने, एकाच नावाच्या दोन कृती. शीर्षक कृतीला ओळख देते, पण ती एकटीच आहे असे सांगत नाही. ‘श्यामची आई’ १९५३ चा आणि २०२३ चा हे वेगळे आहेत हे सालच सांगते. हे पद तसे निरुपद्रवी आहे. त्यावर अधिक रेंगाळण्याचे कारण नाही.

भाषेचे पद निरुपद्रवी नाही. या गटांच्या नियमावल्यांनुसार चित्रपट इंग्रजी नसेल तरच भाषा नमूद करावयाची. याकबसन आदींनी मांडलेल्या चिन्हांकित आणि अचिन्हांकित या भेदाचे इतके उघड उदाहरण क्वचितच मिळेल : इंग्रजी ही भाषा नव्हे, ती भाषेची अनुपस्थिती आहे, ‘मराठी’ हे मात्र विशेषण आहे, जवळजवळ व्यंगनिदर्शक. हिंदी चित्रपटांनाही ‘हिंदी’ हे पद लावले जाते. सातारच्या किंवा इस्लामपूरच्या प्रेक्षकाला जी भाषा सांगण्याची गरज कधी वाटली नसती, ती त्याच्यापर्यंत येताना सांगितली जाऊनच येते. शिवाय ती रोमी लिपीत येते, कारण नियमावल्यांना रोमी अक्षरे, अंक, टिंब आणि रेघ यांपलीकडे काहीच मान्य नाही. याचे परिणाम किरकोळ नाहीत. ‘वळू’ (२००८) रोमीत गेला की ळ चा ल होतो, दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो, आणि तो शब्द कृष्णाखोऱ्यात ज्याचा धाक असतो त्या मोकाट बैलाचे नाव आहे हे अक्षरांतून कळेनासे होते. ‘लय भारी’ (२०१४) मधील ‘लय’ हा तर पश्चिम महाराष्ट्राच्या बोलीचाच शब्द. रोमीत त्याची ‘एलएआय’ आणि ‘एलएवाय’ अशी निदान दोन रूपे फिरली आणि ‘भारी’ची आणखी दोन. म्हणजे नाव ज्या एका कामासाठी आहे, शोधणाऱ्याला सापडणे, त्यातच ते अडखळते. मोडी लिपीने ऱ्हस्वदीर्घाचा भेद सोडला होता, पण तिच्या वाचकाला भाषा घरची होती. येथे लिहिणारा बहुधा परका आहे.

सर्वांत समृद्ध पद म्हणजे उगमाचे. प्रत कशावरून केली, हे सांगणारे हे पद पाठचिकित्सकाला सर्वाधिक ओळखीचे वाटेल. ‘कॅम’ म्हणजे प्रेक्षागृहात बसून कॅमेऱ्याने टिपलेली प्रत. तिच्यात शिट्ट्या येतात, उठून जाणारी डोकी येतात, कधी पडद्याची एक कड कापली जाते. ‘टीएस’ म्हणजे चित्र कॅमेऱ्याचे पण ध्वनी थेट जोडणीतून घेतलेला. ‘टीसी’ म्हणजे रिळावरून यंत्राने उतरविलेली. ‘एससीआर’ म्हणजे परीक्षक, वितरक, पारितोषिक समित्या यांना पाहण्यासाठी दिलेल्या प्रतीवरून केलेली. जून २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ची जी प्रत प्रदर्शनापूर्वी बाहेर आली तिच्या कोपऱ्यात ‘सेन्सॉरसाठी’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे होती, म्हणजे त्या प्रतीने आपली वंशावळ कपाळावर लिहूनच आणली होती. ‘आर५’ हे पद विशेष. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडले गेले त्यात रशिया आणि भारत दोघेही पाचव्या विभागात होते. रशियात लवकर व घाईने काढलेल्या तबकडीचे चित्र घेऊन त्याला अन्यत्र मिळालेला इंग्रजी ध्वनी जोडलेली प्रत या नावाने ओळखली जाई. दोन उगमांतून जुळविलेली ही संकरित प्रत. एका परंपरेतील अध्याय आणि दुसऱ्यातील क्षेपक घेऊन बांधलेल्या बाडासारखी. शेवटी ‘डीव्हीडीरिप’, ‘बीआररिप’, ‘वेब-डीएल’ ही पदे, जी विक्रीसाठी निघालेल्या तबकडीवरून किंवा प्रसारणसेवेवरून उतरल्याची ग्वाही देतात.

या क्रमात भारताने आपली भर घातली ती ‘प्री-डीव्हीडी’ या पदाची. शब्दशः पाहता डीव्हीडी निघण्यापूर्वीची प्रत असा त्याचा अर्थ होतो, आणि त्यात एक प्रकारची आगाऊ मिळाल्याची प्रतिष्ठा आहे. प्रत्यक्षात बहुधा ती प्रेक्षागृहात टिपलेली प्रतच असे, थोडी उजळ करून तबकडीवर घातलेली आणि पुन्हा उतरविलेली. हे खोटे नव्हे, पण खरे सांगण्याची ती रीतही नव्हे. हस्तलिखितांतही मूळ प्रतीचे प्राचीनत्व वाढवून सांगणाऱ्या पुष्पिका आढळतात. बाजारपेठ असली की पुष्पिका जाहिरातीकडे झुकते. ग्रामीण विक्रेत्यांनी याचा अर्थ अचूक ओळखला असावा, कारण त्यांच्या तोंडी ही बारा पदे कधी आलीच नाहीत. त्यांची परिभाषा तीन-चार शब्दांची : ‘कॅमेरा प्रिंट’ किंवा ‘थिएटर प्रिंट’, ‘क्लिअर प्रिंट’ आणि ‘ओरिजनल’. येथे ‘ओरिजनल’ म्हणजे कायदेशीर नव्हे. चांगल्या उगमावरून उतरलेली चोरटी प्रत. मूळ आणि प्रत या जोडीतील ‘मूळ’ हा शब्द प्रतीलाच विशेषण म्हणून लागावा, यातील तात्त्विक गंमत सोडून दिली तरी व्यवहार स्पष्ट आहे : ग्राहकाला उगमाचा इतिहास नको, त्याची श्रेणी हवी.

गटांच्या व्यवहारात आणखी दोन पदे येतात. ‘प्रॉपर’ म्हणजे आधी दुसऱ्या गटाने काढलेली प्रत सदोष होती, ही शुद्ध आहे असा दावा. ‘रिपॅक’ म्हणजे स्वतःच्याच प्रतीची दुरुस्ती. पहिले पद पाठशुद्धीचे, दुसरे शुद्धिपत्राचे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा अखेरीस पुढे कोणी आपली भर घालू नये अशी ताकीद दिली. त्या ताकिदीमागे जी चिंता होती, की प्रत होताना कृती बदलते, ती या गटांनाही आहे, फक्त श्रद्धेच्या जागी स्पर्धा आहे. नावाबरोबर येणाऱ्या माहितीच्या छोट्या धारिकेत कालावधी, आकार, उगम यांची नोंद असते, आणि प्रत प्रवासात बिघडली नाही हे पडताळण्यासाठी एक संख्या दिलेली असते. पोथ्यांच्या अध्यायाअखेरीस ओवीसंख्या किंवा ग्रंथसंख्या लिहिण्याचा प्रघात याच कामासाठी होता. मोजणी जुळली नाही की काही गळाले हे वाचकाला कळावे. दोन्ही व्यवस्थांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही एकाच अडचणीने दोघींना एकाच उपायाकडे नेले, आणि म्हणून नामपद्धतीला केवळ तांत्रिक म्हणणे उणे पडते.

पुष्पिकेत जे हमखास असते आणि या नावात जे कधीच नसते ते म्हणजे स्थळ. ‘मुक्काम सातारा’ असे कोणतीही चोरटी प्रत लिहिणार नाही. लिहिणारा तुरुंगात जाईल. लेखनिकाचे नावही टोपणनाव असते. ७०० मेगाबाइटांच्या प्रतींसाठी २००५ नंतर काही वर्षे जगभर ओळखले गेलेले ‘एएक्सएक्सओ’, किंवा लहान आकारात स्वच्छ चित्र देणारे व २०१५ मध्ये बंद पडलेले ‘यिफी’, ही नावे इतकी विश्वासार्ह झाली की इतर लोक आपल्या प्रतींना तीच नावे लावू लागले. चोरट्या प्रतीची चोरटी मुद्रा. मिशेल फूको यांनी १९६९ मध्ये ‘कर्ता’ ही व्यक्ती नसून संहितांना एकत्र बांधणारे, त्यांची प्रमाणता ठरविणारे कार्य आहे असे प्रतिपादन केले होते. हे कार्य येथे पूर्णांशाने प्रतकाराकडे गेले आहे. दिग्दर्शक, लेखक, छायालेखक यांपैकी एकाचेही नाव नसलेल्या ओळीत प्रतकाराचे नाव हेच दर्जा सांगते, संग्रह जुळविते आणि तोतयांपासून सावध करते. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला प्रदर्शित झाला आणि काही दिवसांतच त्याची चोरटी प्रत फिरू लागली. त्या प्रतींच्या नावांच्या धाटणीत दिग्दर्शकाच्या नावाला जागाच नव्हती. ज्या समाजवास्तवामुळे आणि ज्या दिग्दर्शकामुळे तो चित्रपट चर्चेचा विषय झाला, त्याचा मागमूस नामव्यवस्थेत नसावा, हे अपघाताने घडलेले नाही. जेनेत यांनी शीर्षक, कर्त्याचे नाव, प्रस्तावना यांना कृतीचे उंबरठे म्हटले. या घराला उंबरठा आहे, पण तो हमालाने घातलेला आहे.

स्थळाचे मात्र असे की ते दुसऱ्या हाताने लिहिले गेले. अंकीय चित्रपटगृहांच्या २००५ च्या मानकात प्रत्येक प्रक्षेपणाच्या चित्रात व ध्वनीत, डोळ्यांना न दिसेल असे, चित्रगृहाची ओळख आणि वेळ सांगणारे चिन्ह विणण्याची तरतूद आहे. भारतात याच सुमारास यूएफओ, क्यूब यांसारख्या व्यवस्थांनी रिळांऐवजी अंकीय प्रती पाठविण्यास सुरुवात केली, आणि चोरटी प्रत कोणत्या चित्रगृहात टिपली गेली हे सांगणारी चिन्हे त्यांनीही वापरली. त्यापूर्वी मोठ्या शहरांतली मुद्रिका फिरत फिरत तालुक्याच्या गावी येई. ती येईपर्यंतचा अवकाश चोरट्या तबकडीने भरून काढला होता. आता सांगलीच्या पडद्यावरही मुंबईच्याच दिवशी चित्रपट लागू शकला, आणि त्याच पडद्यावर प्रत टिपली गेली तर तिच्यात सांगलीचे नाव, प्रतकाराच्या नकळत, कोरलेले राहू लागले. एक पुष्पिका प्रतकाराने लिहिलेली, सर्वांना दिसणारी, स्थळ लपविणारी. दुसरी त्याच्याविरुद्ध लिहिलेली, कोणाला न दिसणारी, केवळ स्थळकाळ सांगणारी. एकाच प्रतीत या दोन नोंदी शेजारी राहतात आणि एकमेकींना ओळखत नाहीत.

या नामव्यवस्थेला कायद्यानेही नकळत दाद दिली. महाराष्ट्राचा १९८१ चा विघातक कृत्यांना आळा घालणारा अधिनियम, ज्यान्वये प्रतिबंधात्मक स्थानबद्धता करता येते, त्याच्या शीर्षकात आरंभी झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले व औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार ही मंडळी होती. पुढे धोकादायक व्यक्ती आल्या. २००९ च्या दुरुस्तीने ‘दृक्श्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती’ आणि कंसात ‘व्हिडीओ पायरेट्स’ यांची भर पडली. त्यानंतर वाळू तस्कर व काळाबाजार करणारेही आले. पदामागून पद जोडत गेलेले हे शीर्षक, ज्यांना ते पकडू पाहते त्यांच्या धारिकांच्या नावांसारखेच लांबले आहे. ‘पायरेट’ला चाचा म्हणणे विधिमंडळाने टाळले, हे भाषिक दृष्ट्या नोंदण्यासारखे आहे. समुद्र नसलेल्या देशावर चाचा शोभला नसता. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने प्रेक्षागृहात चित्रण करणाऱ्यास तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवला. म्हणजे ‘कॅम’ या तीन अक्षरी पदाला आता स्वतःचे कलम आहे.

इतक्या काटेकोर नोंदीचे सातारा-सांगलीच्या बाजारात काय झाले? २००८-०९ नंतर स्वस्त चिनी बनावटीचे आणि साधे रंगीत मोबाइल खेडोपाडी पोहोचले आणि मोबाइल दुरुस्तीच्या टपऱ्यांवर ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ अशा पाट्या दिसू लागल्या. गाणी, तमाशाचे वग, भजने, ‘साउथ’चे हिंदीत बोलणारे चित्रपट आणि मराठी चित्रपट एकाच कार्डात भरले जात. लहान पडद्यावर नावाची पहिली दहाबारा अक्षरेच दिसत. त्यातच चोरट्या प्रती वाटणाऱ्या संकेतस्थळांनी स्वतःचे नाव धारिकेच्या आरंभी चिकटविण्याची प्रथा पाडली, त्यामुळे कार्डातल्या सर्व धारिका एकाच नावाच्या दिसू लागल्या. भरून देणाऱ्याने सोयीचा मार्ग काढला. पुढचे आणि मागचे सर्व कापून शीर्षक तेवढे ठेवले, किंवा ‘नवीन मराठी १’, ‘नवीन मराठी २’ असे क्रमांक टाकले. वाचनसुलभता मिळाली, पण साल, भाषा, उगम, आकुंचन, प्रतकार हे सारे एका झटक्यात गेले. ‘एव्हीएसईक्यू०१’ची अनामिकता दहा-पंधरा वर्षांनी दुसऱ्या दाराने परत आली. जहागिरीच्या दफ्तरातील कागद नव्या बस्त्यात बांधताना जुन्या बस्त्याची चिठ्ठी फेकून देणाऱ्या कारकुनाने इतिहासाचे जे नुकसान केले असते, तेच हे. आणि कारकुनाइतकाच हा दुकानदारही निर्दोष आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या स्वस्त इंटरनेटने या टपऱ्यांचा धंदा बसविला. तोपर्यंत असंख्य प्रती आपल्या पुष्पिका गमावून बसल्या होत्या.

हे नुकसान आहे काय, असा प्रश्न कोणी करील. चोरीच्या मालाची पावती हरवल्याचे दुःख कशाला? ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातसह जुन्या चित्रपटांची मौल्यवान रिळे जळाली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयात कृष्णेचे पाणी शिरले. अधिकृत संग्रह एका जागी असतो, आणि जागेला आग व पाणी दोन्ही लागतात. ज्या मराठी चित्रपटांची तबकडी कधी निघाली नाही ते आज अनेकदा दूरचित्रवाणीच्या प्रसारणावरून कोणीतरी उतरविलेल्या प्रतीतच पाहावयास मिळतात. नावात ‘टीव्हीरिप’ किंवा ‘सॅटरिप’ असले तर अभ्यासकाला सावध होता येते : प्रसारणाच्या वेळेत बसविण्यासाठी दृश्ये कापलेली असतील, चौकटीच्या कडा गेल्या असतील, कोपऱ्यात वाहिनीचे बोधचिन्ह असेल, एखादे गाणे जाहिरातींनी गिळले असेल. ते पद नसेल तर कापलेली प्रत म्हणजेच चित्रपट असे समजून त्यावर दिग्दर्शकाच्या शैलीविषयी, पटकथेच्या तुटकपणाविषयी निष्कर्ष निघतील. विद्यापीठीय प्रबंधांत ते निघणे अगदीच असंभव नाही. चित्रपटाविषयी लिहिणारे मराठी समीक्षक आपण कोणती प्रत पाहिली हे क्वचितच सांगतात. दासबोधाविषयी लिहिणारा असे करील तर त्याला कोणी गंभीरपणे घेणार नाही.

नव्या प्रतींत ‘वेब-डीएल’ या पदाआधी आता प्रसारणसेवेच्या नावाची आद्याक्षरे येतात. सेवांचे करार संपतात, चित्रपट एका रात्रीत सूचीतून काढले जातात, कधी तोच चित्रपट एखादे दृश्य गाळून किंवा एखादा संवाद बदलून परत ठेवला जातो, आणि प्रेक्षकाच्या हाती प्रत म्हणून काहीच उरत नाही. एकाच मराठी चित्रपटाच्या दोन धारिका समोर आल्या, एक दुसरीपेक्षा चार मिनिटांनी लहान, तर ती चार मिनिटे कोणी, कोठे, केव्हा काढली हे शोधण्याची सुरुवात त्या चार-पाच रोमी अक्षरांपासून करावी लागते. आणि दोहोंपैकी एक कोण्या टपरीवरून ‘नवीन मराठी २’ या नावाने आली असेल, तर दुसरीपासूनच.